‘पाहिलंय की ते!’

मित्रमैत्रिणींनो, ‘पाहिलंय की ते!’ हे वाक्य तुमच्या घरात दिवसातून किती वेळा ऐकू येतं? आमच्या घरात निदान चार वेळा तरी. सिनेमा लावला, की ‘पाहिलाय’. मालिका लावली, की ‘मला शेवट माहीत आहे’. आणि एकदा शेवट कळला, की त्या गोष्टीत राहिलंच काय, असं तुमचं म्हणणं. त्यातून रहस्यकथा असेल तर विचारूच नका. रहस्य कळलेली रहस्यकथा म्हणजे रस काढून घेतलेलं उसाचं चिपाडच जणू!

आज मी तुम्हाला याच्या अगदी उलट गोष्ट सांगणार आहे. एका रहस्यमालिकेतला एक भाग असा आहे, की तो पहिल्यांदा पाहताना एक गोष्ट दिसते आणि दुसऱ्यांदा पाहताना भलतीच. दृश्यं तीच, माणसं तीच, संवादही तेच. तरी सगळं नवं. मात्र आधीच बजावून ठेवते हं, त्या भागातलं रहस्य मी इथे फोडणार आहे. ज्यांना ते स्वतः अनुभवायचंय त्यांनी आधी भाग पाहावा आणि मग हे पान उघडावं. अंक काही पळून जात नाही!

तर त्या मालिकेचं नाव ‘लॉस्ट’, म्हणजे ‘हरवलेले’. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर ती २२ सप्टेंबर २००४ रोजी सुरू झाली आणि सहा पर्वांनंतर २३ मे २०१० रोजी संपली. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीहून अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसला निघालेलं एक विमान वाट चुकतं, हवेतच त्याचे तुकडे होतात आणि मधला तुकडा एका अनोळखी बेटावर कोसळतो. त्यातून ४८ माणसं वाचतात. कुणी डॉक्टर, कुणी गायक, कुणी मुलाला घेऊन निघालेला बाप. कुणीच कुणाला ओळखत नाही. बेटावर मदत येत नाही आणि रात्री जंगलातून कसलेतरी भयंकर आवाज येतात.

निर्जन बेटावर अडकलेल्या माणसांच्या गोष्टी तशा जुन्याच. डॅनियल डीफोचा ‘रॉबिन्सन क्रूसो’ १७१९ साली आला. ज्यूल व्हर्नच्या साहसकथा तर भा. रा. भागवतांनी आपल्या मराठीत आणल्या; तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांनी नक्की वाचल्या असतील. पण ‘लॉस्ट’मध्ये एक नवी युक्ती होती. प्रत्येक भागात बेटावरचं एखादं माणूस निवडायचं आणि विमानात बसण्यापूर्वी त्याचं आयुष्य कसं होतं, ते मधूनमधून दाखवायचं. म्हणजे एकीकडे बेट आणि दुसरीकडे पूर्वकथा, अशा दोन दोऱ्या. वेणी घालावी तशा त्या एकमेकींत गुंफलेल्या. चित्रीकरण झालं ते हवाई बेटांतल्या ओआहू बेटावर. आणि एक गंमत ऐका. संगीतकार मायकल जियाकिनो यांनी तालवाद्यांसाठी चक्क विमानाचे तुकडे वापरले. त्या पत्र्यांवर ठोकून काढलेले आवाज मालिकेच्या संगीतात आहेत!

मी ज्या भागाविषयी सांगतेय तो मालिकेचा चौथा भाग, ‘वॉकअबाउट’. १३ ऑक्टोबर २००४ रोजी तो पहिल्यांदा दाखवला गेला. लेखक डेव्हिड फ्युरी, दिग्दर्शक जॅक बेंडर. ‘वॉकअबाउट’ म्हणजे पायी केलेली दीर्घ भटकंती. ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी मोकळ्या रानात दूरवर प्रवास करतात, त्याला इंग्रजांनी दिलेलं हे नाव.

या भागाचा नायक जॉन लॉक. टक्कल पडलेला, पन्नाशीच्या आसपासचा, डोळ्यापाशी जखमेचा व्रण असलेला, फारसा न बोलणारा माणूस. हे नाव मुद्दाम दिलेलं आहे बरं का! १६३२ ते १७०४ या काळात इंग्लंडमध्ये जॉन लॉक नावाचा एक तत्त्वज्ञ होऊन गेला. जन्मतः माणसाचं मन कोऱ्या पाटीसारखं असतं, पुढे अनुभव त्यावर अक्षरं उमटवतात, असं त्याचं म्हणणं. मालिकेच्या तिसऱ्या भागाचं नावच मुळी ‘कोरी पाटी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांचं आहे. लॉकचं काम करणारे नट टेरी ओक्विन यांना या भूमिकेसाठी २००७ साली एमी पुरस्कार मिळाला.

आता पहिल्यांदा पाहणाऱ्याला काय दिसतं, ते सांगते.

बेटावरचं अन्न संपलंय. विमानाच्या सांगाड्यात रात्री रानडुकरं शिरलीत. लोक हमरीतुमरीवर आलेत. तेवढ्यात सू... करून एक सुरी येते आणि भांडणाऱ्याच्या शेजारच्या खुर्चीत रुतते! सगळे वळून पाहतात, तर हे शांत गृहस्थ उभे. आपण शिकार करू, असं सांगतात. मग आपली पेटी उघडतात. आत ओळीने मांडलेले सुरे. रानडुकरांच्या सवयी, माग कसा काढायचा, सगळं यांना तोंडपाठ. आपण म्हणतो, वा! हा जुना शिकारी दिसतो, नाहीतर लष्करातला.

मग पूर्वकथा येते आणि आपण चक्रावतो. हा तर खोक्यांच्या कंपनीतला साधा कारकून! एवढ्याशा खणात बसून काम करणारा. जेवणाच्या सुट्टीत मित्राबरोबर लढाईचा पटावरचा खेळ खेळणारा. त्याच्याहून वयाने लहान असलेला साहेब येतो, त्याचं ‘वॉकअबाउट’ सहलीचं माहितीपत्रक सगळ्यांसमोर वाचतो आणि त्याची टर उडवतो. तरी लॉक ऑस्ट्रेलियाला जातोच. तिथे सहलीच्या कार्यालयातला माणूस त्याला म्हणतो, तुम्हाला नेता येणार नाही, तुम्ही आम्हाला खरी माहिती दिली नाहीत. लॉक भांडतो, विनवतो, ओरडतो. बाहेर सहलीची बस निघून जाते. आणि लॉक टेबलापासून दूर होतो तेव्हा आपल्याला ती दिसते. चाकांची खुर्ची. गेली चार वर्षं हा माणूस चालू शकत नव्हता! अपघातानंतर बेटावर डोळे उघडले, तेव्हा त्याच्या पायांत पुन्हा बळ आलं होतं. हे कुणालाच माहीत नव्हतं. फक्त त्याला.

पहिल्यांदा पाहताना अंगावर काटा येतो तो इथे.

माझी मुलगी नववीत आहे. तिने हा भाग गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पाहिला आणि ती चिडलीच. “ही शुद्ध फसवणूक आहे आई! आधी काहीच सांगितलं नाही!” मी म्हटलं, “सांगितलं नाही की तुला दिसलं नाही, ते तपासून बघ.” झालं! दुसऱ्या दिवशी वही-पेन्सिल घेऊन स्वारी पुन्हा पडद्यासमोर हजर. मी होतेच, आणि माझे मामाही होते. तिचे मामाआजोबा. ते आमच्याकडेच राहतात. त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. १९९४ साली एका घरी अँटेना बसवताना ते गच्चीवरून पडले आणि कण्याला मार बसला. तेव्हापासून तेही चाकांच्या खुर्चीत असतात. आदल्या दिवशी भाग संपला तेव्हा ते काहीच बोलले नव्हते.

आता वहीत काय काय आलं ते पाहा.

पहिली नोंद : भागाचं अगदी पहिलं दृश्य. लॉक जमिनीवर पडलाय. एका पायातला बूट गेलाय आणि तो आपल्या पायाच्या बोटांकडे बघतोय. बोटं हलतात. पहिल्यांदा वाटतं, शुद्धीवर येतोय बिचारा. दुसऱ्यांदा कळतं, चार वर्षांत न हललेली बोटं हलतायत म्हणून तो बघत राहिलाय! म्हणजे रहस्य पहिल्याच मिनिटात आपल्यापुढे ठेवलेलं होतं.

दुसरी नोंद : पूर्वकथेत लॉक किती वेळा उभा आहे? मुलीने मोजलं. शून्य! कचेरीत बसलेला, जेवणाच्या टेबलाशी बसलेला, घरी पलंगावर, सहलीच्या कार्यालयात पुन्हा टेबलाच्या मागे. प्रत्येक वेळी कॅमेरा असा ठेवलाय, की खुर्चीची चाकं दिसू नयेत. पण एकही दृश्य खोटं नाही. दिग्दर्शकाने काही लपवलं असेल, तर ते चौकटीच्या बाहेर.

तिसरी नोंद : शिकारीच्या वेळी डुक्कर अंगावर येतं आणि लॉक पाठीवर पडतो. क्षणभर तसाच पडून राहतो. पहिल्यांदा वाटतं, मार लागला. दुसऱ्यांदा छातीत धस्स होतं. तो घाबरलाय ते डुकराला नव्हे. पाय पुन्हा गेले तर नाहीत ना, याला!

चौथी नोंद माझी. साहेब टर उडवतो तेव्हा लॉक त्याला नॉर्मन क्राउचर यांचं उदाहरण देतो. दोन्ही पाय नसताना हा माणूस एव्हरेस्ट चढला, असं तो म्हणतो. दुसऱ्यांदा पाहताना प्रश्न पडतो, याला नेमकं हेच नाव का आठवावं? उत्तर आता आपल्याला माहीत आहे. पण इथे आणखी एक मजा आहे. क्राउचर हे खरेखुरे ब्रिटिश गिर्यारोहक. अपघातात दोन्ही पाय गमावूनही ते आठ हजार मीटरहून उंच असलेल्या चो ओयूवर पोहोचले. मात्र एव्हरेस्टवर नाही! २००४ साली हा भाग दाखवला गेला, तेव्हा दोन्ही पाय गमावलेलं कुणीच एव्हरेस्टवर पोहोचलेलं नव्हतं. ते जमलं न्यूझीलंडच्या मार्क इंग्लिस यांना, १५ मे २००६ रोजी. म्हणजे लॉकने सांगितलेली गोष्ट तेव्हा खरी नव्हती. दीड वर्षाने दुसऱ्याच कुणीतरी ती खरी करून दाखवली.

पाचवी नोंद रोझची. ही प्रौढ बाई समुद्रकिनारी एकटीच बसून असते. तिचा नवरा विमानाच्या मागच्या भागात होता आणि तो भाग हवेतच तुटून गेला. डॉक्टर जॅक तिला हळुवारपणे सांगतो, मागची माणसं आता नाहीत. ती शांतपणे उत्तर देते, की ते लोकही आपल्याबद्दल असंच म्हणत असतील. पहिल्यांदा पाहताना आपल्याला तिची कीव येते. दुःखाने भान हरपलंय, असं वाटतं. पण पुढच्या पर्वात तिचा नवरा जिवंत सापडतो. दुसऱ्यांदा हे दृश्य पाहताना कळतं, की त्या किनाऱ्यावर नीट विचार करणारी तीच एक होती!

वही भरली तशी मुलीची तक्रार मावळली. “म्हणजे सगळं समोरच होतं,” ती म्हणाली. तेव्हा मामा पहिल्यांदा बोलले.

“यांनी एक फार हुशारीचं काम केलंय. आधी माणूस दाखवला. तो काय जाणतो, कसा बोलतो, सुरी कशी फेकतो, ते दाखवलं. आणि मग खुर्ची दाखवली. माझ्या बाबतीत उलटं होतं. लोकांना आधी खुर्ची दिसते. पुढे कुणाला सवड असली, तर माणूस.”

आम्ही दोघी गप्प झालो, कारण ते अगदी खरं होतं. पाहुणे येतात आणि मामांच्या समोर मला विचारतात, “यांना चहा चालतो ना?” मागे एकदा एका कचेरीत गेलो होतो. मामांनी आपल्या सुंदर अक्षरात अर्ज लिहून स्वतः खिडकीत दिला. कारकुनाने तो हातात घेतला आणि माझ्याकडे बघत विचारलं, “यांचं नाव काय?” अर्जावर नाव होतं. समोर माणूस होता. तोंडही त्याला होतं! मामा हसून म्हणाले, “तिला विचारू नका, तिला माझं नाव घ्यायची सवय नाही. ती मला मामा म्हणते.” कारकूनही ओशाळून हसला आणि मग त्या दोघांच्या छान गप्पा झाल्या. त्या कारकुनाकडचा बंद पडलेला जुना रेडिओ आठवडाभराने आमच्या घरी दुरुस्तीला आला!

मुलीने विचारलं, “मामाआजोबा, मग तुम्हाला हा भाग आवडला ना?”

“आवडला. पण एक तक्रार आहे.” मामा सरसावून बसले. “शेवटी काय होतं? विमानाचा सांगाडा जळतोय, आणि त्या आगीच्या उजेडात रिकामी खुर्ची उभी आहे. हा तिच्याकडे बघून हसतो. अगं, ती खुर्ची म्हणजे चार वर्षं त्याचे पाय होते! तिच्यातून तो अमेरिकेतून ऑस्ट्रेलियाला गेला. माझी खुर्ची कुणी आगीजवळ नेली, तर मी आरडाओरडा करीन.”

“पण त्याला पाय परत मिळाले! आनंद नाही का होणार?”

“होणारच. मला मिळाले असते, तर मीही नाचलो असतो. खोटं कशाला बोलू? पण एवढं बघ, त्या बेटाने त्याला पाय दिले. सुरे तो घरून घेऊन आला होता. डुकराच्या सवयी त्याला आधीच ठाऊक होत्या. जे बेटाने दिलं नाही, त्याच्यावर सगळ्यांची भूक भागली.”

मग मुलीने सहलीच्या कार्यालयातल्या माणसाची बाजू घेतली. तो काही दुष्ट नव्हता. रानात धोका होता. परतीचं तिकीट आमच्या खर्चाने काढून देतो, असंही तो म्हणाला होता. मामांनी मान डोलावली. “तो नाही म्हणाला, ते एकवेळ बरोबर असेल. पण ‘कसं जमवता येईल?’ हे त्याने एकदाही विचारलं नाही. विचारून मग नाही म्हणाला असता, तर लॉक एवढा ओरडला नसता.”

तुम्हाला मुरलीकांत पेटकर ठाऊक आहेत ना? २०२४ साली आलेला ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट त्यांच्यावरच आहे. सांगली जिल्ह्यातले हे जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे जायबंदी झाले. त्यांना कुठलं जादूचं बेट भेटलं नाही. ते पोहायला शिकले आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. पॅरालिंपिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्णपदक. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ साल उजाडलं! मामांनी त्या दिवशी हे नाव काढलं आणि वर म्हणाले, “पण प्रत्येकाने पदक आणलंच पाहिजे असं नाही हो. मी मिक्सर दुरुस्त करतो. तेवढ्यावरही माझ्याशी माझं नाव विचारण्यापुरतं बोलायला हरकत नाही!”

पालकांसाठी दोन शब्द. या मालिकेत काही दृश्यं भीतिदायक आहेत. अपघात, मृत्यू, रक्त आहे. त्यामुळे लहानांना ती एकट्याने पाहू देऊ नका. मोठ्या मुलांबरोबर मात्र हा भाग जरूर पाहा आणि शक्यतो दोनदा पाहा. पहिल्यांदा मुलांना मध्ये काही सांगू नका. दुसऱ्यांदा आपण गप्प बसा आणि त्यांना बोलू द्या. मुलांना आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त दिसतं.

आणि मित्रांनो, तुमच्यासाठी एक खेळ. तुम्हाला आवडलेली, शेवट पक्का माहीत असलेली कुठलीही गोष्ट घ्या. सिनेमा, मालिका, नाहीतर पुस्तक. ती पुन्हा एकदा वही-पेन्सिल घेऊन बघा. शेवट माहीत असल्यामुळे ‘पुढे काय?’ ही घाई उरत नाही आणि डोळे मोकळे होतात. कोण कुठे बसलंय, कोण गप्प आहे, कुणाचं बोलणं कुणीच मनावर घेत नाही, हे सगळं दिसायला लागतं.

हा खेळ जमला, की तो पडद्याबाहेरही खेळून बघा. तुमच्या वर्गात, गल्लीत, नात्यात असं एखादं माणूस असेल, ज्याच्याकडे एकदाच पाहून तुम्ही ‘कळलं’ असं ठरवून टाकलंय. उद्या त्याच्यापाशी जा आणि त्यालाच, दुसऱ्या कुणाला नव्हे, काहीतरी विचारा. उत्तर ऐकायला दोन मिनिटं थांबा. आणि काय सापडलं, ते आम्हाला पत्राने जरूर कळवा!